शिकेकाईचा काढा करा, पावडर थापू नका

केस नैसर्गिक पद्धतीनं धुवायचे म्हणून हौसेनं शिकेकाई आणायची, दोन-तीनदा वापरायची आणि मग डबा कपाटात मागं सरकवून परत शाम्पू सुरू, असं खूप जणींचं होतं. कारण विचारलं की तेच ते, पावडर केसांतून निघतच नाही, दोन दिवस फणीला भुगा येत राहतो, डोळ्यांची आग होते, तेल जात नाही आणि वरून केस राठ. तक्रारी सगळ्या खऱ्या आहेत, पण त्यात शिकेकाईचा दोष नाहीये हो, पावडर पाण्यात कालवून तिचा लेप डोक्यावर थापायची जी सवय पडलीये ना, तिथं सगळं बिघडतं. पूर्वी न्हाण्याच्या दिवशी शिकेकाई उकळत ठेवायचे आणि तिच्या पाण्यानं केस धुवायचे. तेवढा एक बदल केला तरी निम्म्या तक्रारी मिटतात, म्हणून आधी तो काढाच नीट सांगते आणि मग तेल, जास्वंद, माका वगैरे.

शिकेकाईच्या शेंगेत आणि रिठ्याच्या सालीत सॅपोनिन नावाचे घटक असतात, पाण्यात घुसळल्यावर फेस येतो तो त्यांच्यामुळंच. त्यांचं एक टोक तेलाला धरतं आणि दुसरं पाण्याला, त्यामुळं डोक्यावरचं तेल आणि मळ सुटून पाण्याबरोबर वाहून जातो. शाम्पूतले फेस आणणारे पदार्थ पण हेच काम करतात, फक्त जास्त जोरात. दुसरी गोष्ट पीएचची, म्हणजे एखादी गोष्ट किती आम्ल किंवा किती अल्कली आहे ते सांगणाऱ्या आकड्याची. 7 मधला, त्याखाली आम्ल आणि त्यावर अल्कली. आपल्या डोक्याच्या त्वचेचा पीएच साधारण 5.5 असतो म्हणजे किंचित आम्ल, शिकेकाईचं पाणीही आम्ल बाजूचंच, आणि साबण मात्र 9-10 पर्यंत जातो. पीएच असा वाढला की केसावरचे बारीक खवले उघडतात, केस एकमेकांत अडकतात आणि विंचरताना तटातट तुटतात. म्हणून अंगाचा साबण केसांना लावूच नका, आणि वडीवर शिकेकाईचं नाव असलं तरी तो साबण आहे का हे मागं वाचून बघा.

काय आणायचं

तयार पावडरीपेक्षा अख्ख्या शेंगा आणा, काष्टौषधीच्या दुकानात मिळतात. पावडरीत काय काय दळलंय ते डोळ्यांना दिसत नाही, शेंग मात्र दिसते. चांगली शेंग तपकिरी, चपटी, सुरकुतलेली असते आणि हातात घेऊन मोडली तर कट्कन मोडते. वाकते पण मोडत नाही म्हणजे ओल धरलीये, ती ठेवली की बुरशी येणार. बारीक भोकं दिसली तर किडलेली आहे, घेऊ नका. सोबत थोडे रिठे, आवळकाठी म्हणजे वाळवलेल्या आवळ्याचे तुकडे, आणि मेथी तर घरात असतेच. रिठा फोडून आतली काळी टणक बी काढून टाकायची, आपल्याला फक्त साल हवी.

रिठा जपून बरं का. मळ काढायला तो शिकेकाईपेक्षा जोरकस आहे, रेशमी साड्या आणि लोकरीचे कपडे धुवायला वापरतात ते उगीच नाही. ज्यांचे केस तेलकट आहेत किंवा जे भरपूर तेल लावतात त्यांना थोडा रिठा लागतो, कोरडे किंवा कुरळे केस असतील तर एखादाच घाला किंवा घालूच नका. लहान मुलांसाठी अजिबात नको, डोळ्यांत गेला तर फार झोंबतो.

काढा

खांद्यापर्यंतच्या केसांना एका वेळेला शिकेकाईच्या शेंगांचे तुकडे मूठभर, म्हणजे साधारण 30 ग्रॅम, तीन-चार रिठ्यांची साल, एक मोठा चमचा आवळकाठी आणि एक छोटा चमचा मेथी एवढं पुरतं. हे सगळं रात्री पाऊण लिटर पाण्यात भिजत घाला. भांडं स्टीलचं घ्या, लोखंडी नको, आवळ्यातलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य लोखंडाशी मिळून पाणी काळंकुट्ट होतं, ते मेहंदी भिजवताना हवं असतं इथं नकोय. आणि भांडं मोठं घ्या कारण रिठा असला की उकळी फुटल्यावर फेस दुधासारखा भसकन वर येतो आणि शेगडीभर होतो.

सकाळी मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं उकळू द्या, पाणी एक तृतीयांश आटलं पाहिजे. मग गॅस बंद करून कोमट होऊ द्या आणि हात घालून सगळं छान कुस्करा, ही पायरी गाळू नका कारण शेंगेच्या आतला गर हातानं चोळल्याशिवाय पाण्यात उतरत नाही. कुस्करताना बोटांना बुळबुळीत लागायला लागलं आणि वर बारीक फेस धरला की झालं. आता चहाच्या गाळणीनं नाही, सुती पंचा किंवा जुन्या मऊ साडीचा तुकडा दुहेरी करून त्यातून गाळा आणि चोथा पिळून काढा. भुगा केसांत अडकायचा प्रश्न इथंच संपतो. चोथा कुंडीत किंवा कंपोस्टमध्ये टाका.

काढा ताजाच चांगला. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहतो, त्यानंतर आंबतो आणि वास बदलतो, मग तो ओतून द्यायचा. ज्यांना सकाळी लोकल पकडायची असते त्यांनी रविवारी जास्तीचा करून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवावा, आदल्या रात्री लागतील तेवढे तुकडे वाटीत काढून ठेवले की सकाळी काढा तयार, फक्त तो ट्रे वेगळा ठेवा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

धुवायचं कसं

आधी कोरड्या केसांतला गुंता काढून घ्या, ओले झाल्यावर नाही. ओला केस फुगलेला आणि कमकुवत असतो, ताणला की तुटतो. मग कोमट पाण्यानं केस पूर्ण भिजवा, एकदम कडक पाणी नको. काढा तोंड बारीक असलेल्या बाटलीत भरा, सॉसची रिकामी बाटली उत्तम, आणि मान मागं टाकून एकेक भांग पाडत थेट त्वचेवर सोडत जा. मान पुढं वाकवून वरून तांब्या ओतला की सगळं डोळ्यांत जाणार, डोळ्यांची आग होते ती बहुतेक वेळा अशीच. गेलंच डोळ्यात तर चोळू नका, गार पाण्यानं बराच वेळ धुवा, आणि आग थांबलीच नाही तर डॉक्टरांना दाखवा.

बोटांच्या पेरांनी हळू चोळायचं, नखांनी नाही. कानामागं आणि मानेच्या वर केस दाट असतात तिथं मळ साठतो पण हात पोचत नाही, तिकडं जरा लक्ष द्या. तीन-चार मिनिटं चोळून धुऊन टाका. केसांच्या लांबीला वेगळं चोळायची गरज नाही, वरून येणारं पाणीच पुरतं. तेल लावलेलं असेल तर दुसऱ्यांदा काढा घ्या, हे महत्त्वाचं आहे, कारण पहिल्या वेळचा काढा तेल फोडण्यातच खर्ची पडतो आणि म्हणून फेसही येत नाही, दुसऱ्या वेळी थोडा येतो. शाम्पूएवढा फेस कधीच येणार नाही. फेस आला नाही म्हणजे केस स्वच्छ झाले नाहीत असं नसतं, बोटांनी मुळं चाचपून बघा, ओशट लागत नसतील तर धुतले गेलेत.

शेवटी भरपूर साधं पाणी. बाथरूमच्या फरशीवर पण लगेच पाणी टाका, काढ्याचे तपकिरी डाग राहतात आणि पांढऱ्या टॉवेलला तर लागतातच, म्हणून केसांना जुना सुती टी-शर्ट किंवा पंचा वापरा. खसाखसा पुसायचं नाही, गुंडाळून पाणी टिपून घ्यायचं. केस बऱ्यापैकी वाळले की रुंद दातांची लाकडी फणी घेऊन टोकाकडून सुरुवात करून हळूहळू वर जायचं.

आतापर्यंत नेहमी कंडिशनर वापरत असाल तर पहिल्या काही वेळा केस थोडे राठ वाटतील. कंडिशनरमधलं सिलिकॉन केसांवर थर धरून असतं आणि त्याची गुळगुळीत सवय झालेली असते, तो थर गेला की केस जसा आहे तसा हाताला लागतो. तिथं घाबरून सोडू नका. आठवड्यातून दोनदा धुणं बहुतेकांना पुरतं, घाम जास्त येत असेल, दिवसभर हेल्मेट असेल तर तीनदा धुवा, काही बिघडत नाही.

तेल थोडं, धुण्याआधी

नारळाचं तेल केसांच्या आत शिरतं, हे नुसतं ऐकीव नाहीये. 2003 मध्ये मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी नारळाचं, सूर्यफुलाचं आणि मिनरल ऑइल अशी तीन तेलं तपासली, त्यात केसांतलं प्रोटीन कमी व्हायला फक्त नारळाच्या तेलानं आळा बसला. आता ही कंपनी स्वतःच खोबरेल विकते हे लक्षात ठेवून वाचायचं, पण कारण पटण्यासारखं आहे, या तेलातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ रचनेचं असल्यानं ते केसाच्या आत जाऊ शकतं, मिनरल ऑइल वरच राहतं. धुण्याआधी तेल लावलं की केस पाणी कमी पितो, कमी फुगतो आणि कमी झिजतो.

म्हणजे तेलाचं खरं काम केसांच्या लांबीवर आहे आणि आपण मात्र वाटीभर तेल टाळूवर जिरवत बसतो. खांद्यापर्यंतच्या केसांना दोन-तीन छोटे चमचे बास. धुण्याआधी तास-दोन तास किंवा आदल्या रात्री, कानाच्या खालच्या भागाला आणि टोकांना नीट लावा, मुळांना बोटं फिरतील इतकंच. थंडीत खोबरेल गोठतं तेव्हा वाटी गरम पाण्यात ठेवा, थेट गॅसवर नको. विदर्भात, खानदेशात थंडीत तिळाचं तेल लावतात ते पण छान. एरंडेल नुसतं लावू नका, इतकं चिकट असतं की केसांचा गठ्ठा होतो, लावायचंच तर तीन भाग खोबरेलात एक भाग. तेलानं नवीन केस उगवतात असं मी सांगणार नाही, असलेले केस तुटत नाहीत आणि त्यामुळं लांब दिसतात, तेवढा फायदाही मोठाच आहे.

कोंडा असेल तर मात्र तेल कमी करा. आपल्याकडं कोंडा दिसला की 'डोकं कोरडं पडलंय' म्हणून तेल ओततात आणि ते उलटं होतं, कोंड्यामागं असलेली मॅलासेझिया नावाची बुरशी त्वचेवरच्या तेलावरच जगते. पिवळट, चिकट खपल्या आणि सतत खाज असेल तर काढ्याच्या भरवशावर राहू नका, डॉक्टर कीटोकोनॅझोल या बुरशी मारणाऱ्या औषधाचा शाम्पू देतात तो काही आठवडे वापरा आणि मग परत काढ्यावर या.

जास्वंद

कंडिशनरच्या जागी माझ्या मते जास्वंदीइतकं चांगलं काही नाही. देशी लाल, एकेरी पाकळ्यांची, आठ-दहा पानं आणि तीन-चार फुलं घ्या, फुलांचे देठ आणि मधली दांडी काढून टाका, धुऊन घ्या. रस्त्याकडेच्या झाडाची धुळीची पानं नकोत, आणि नर्सरीतून नुकतं आणलेलं झाड असेल तर फवारणी असते म्हणून थोडे दिवस थांबा. अर्धी वाटी पाण्यात हातानं चुरडत राहा, पाचेक मिनिटांत पाणी घट्ट होऊन बोटांतून तार धरून खाली येतं. मिक्सरपेक्षा हातानं केलेलं बरं, कारण मिक्सरमध्ये पानांचा इतका बारीक कीस होतो की गाळताना निघत नाही. फडक्यातून पिळून घ्या, काढ्यानं धुतलेल्या ओल्या केसांच्या लांबीला लावा, दहा-पंधरा मिनिटांनी धुवा. गुंता असा सुटतो की फणी सरळ खाली येते. जास्वंद नसेल तर जवस उकळून त्याचा गर वापरा, तोही असाच काम करतो. कोरफड लावणार असाल तर पात कापल्यावर पंधरा मिनिटं उभी ठेवून आतला पिवळा चीक गळू द्या, त्यानं खाज येते.

माक्याचं तेल घरी

पावसाळ्यात भाताच्या बांधांवर, ओढ्याकाठी माका भरपूर उगवतो. फुलं बारीक पांढरी असतात, आणि ओळखायची खूण म्हणजे पान चुरडून थोडा वेळ थांबायचं, रस हिरव्याचा काळपट होतो. बागेत लावतात तो पिवळ्या फुलांचा पसरणारा वेल वेगळा, तो नको. पाव लिटर खोबरेल किंवा तिळाच्या तेलाला वाटीभर माक्याचा वाटलेला गोळा आणि त्याचाच जमेल तेवढा रस घाला, आयुर्वेदाच्या जुन्या मापात तेलाच्या चौपट रस असतो पण घरी एवढा माका मिळणं अवघड. जाड बुडाच्या कढईत, मंद आचेवर, ढवळत. घाई केली की गोळा करपतो आणि तेलाला जळका वास येतो.

तेल झालं कधी हे ओळखणं यातलं खरं कौशल्य. आधी तडतड आवाज आणि बुडबुडे भरपूर असतात, ते कमी होत होत थांबतात. मग कापसाची वात तेलात बुडवून पेटवून बघायची, कढईपासून लांब. चर्रर्र आवाज न करता वात शांत जळली तर पाण्याचा अंश गेला, तडतडली तर अजून वेळ आहे. पाणी राहिलं तर तेल महिन्याभरात खवट होतं. गाळून कोरड्या काचेच्या बाटलीत भरा, ओला चमचा घालू नका.

वर्षाची पूड

दर वेळी शेंगा भिजवणं जमत नसेल तर उन्हाळ्यात एकदाच पूड करून ठेवा. अर्धा किलो शिकेकाई, पाव किलो आवळकाठी, शंभर-दीडशे ग्रॅम रिठ्याची साल, शंभर ग्रॅम मेथी, आणि वासासाठी नागरमोथा, कचोरा, वाळलेली संत्र्याची साल पन्नास-पन्नास ग्रॅम. मे महिन्यातल्या कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवून गिरणीत द्या, पण आधी गिरणीवाल्या काकांना विचारा, सगळे शिकेकाई दळून देत नाहीत, पूड उडाली की सगळ्यांना शिंका आणि ठसका लागतो आणि पिठाच्या जात्यात वास राहतो. डबा उघडताना नाकाला रुमाल लावा. ही पूड पण थापायची नाहीये, दोन-तीन मोठे चमचे पाण्यात उकळून तशीच फडक्यानं गाळून घ्यायची.

पाणी आणि काही नकोच अशा गोष्टी

बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर साबणाची त्यातल्या कॅल्शियमशी चिकट साय तयार होऊन केसांवर बसते, सॅपोनिनचं तसं होत नाही, हा काढ्याचा मोठा फायदा आहे. तरी शेवटचा एक तांब्या फिल्टरचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्या, फरक कळतो. लंडनला राहणाऱ्यांनाही हेच लागू, तिथलं नळाचं पाणी चांगलंच जड आहे.

लिंबू थेट डोक्यावर चोळू नका, त्याचा पीएच 2 च्या आसपास असतो. खाण्याचा सोडा नको, तो दुसऱ्या टोकाला. 'काळी मेहंदी' नावाचं पाकीट घेताना पीपीडी हे केस काळे करणारं रसायन लिहिलंय का बघा, त्याची ॲलर्जी झाली तर चेहरा सुजतो, खरी मेहंदी काळी नसतेच, लालसर केशरी रंग देते. कुठलीही नवीन वनस्पती आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट बघा.

आणि एक कळकळीनं सांगते, उवांसाठी सीताफळाच्या बियांची पूड मुलांच्या डोक्याला लावू नका. खेड्यांत अजून लावतात. ती डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते, प्रचंड वेदना होतात आणि नजरेवर परिणाम होऊ शकतो. ओल्या केसांना जास्वंदीचा गर नाहीतर तेल लावून बारीक दातांच्या फणीनं दर तीन-चार दिवसांनी विंचरून काढा, दोन आठवडे नेटानं केलं तर खूप फरक पडतो, नाहीतर डॉक्टरांकडून औषध घ्या.

केस गळत असतील तर

रोज 50 ते 100 केस गळणं नॉर्मल आहे, आणि आठवड्यातून दोनदाच धुतले तर त्या दिवशी एकदम जास्त दिसतात. बाळंतपण, डेंग्यू-टायफॉइडसारखा मोठा ताप, ऑपरेशन यानंतर दोन-तीन महिन्यांनी मुठीनं केस जातात ते बहुतेक वेळा आपोआप थांबतं, त्यासाठी महागडी तेलं घेऊ नका.

पण गळण्याचं कारण बऱ्याचदा शरीराच्या आत, म्हणजे रक्तात असतं, आणि तिथं कुठलाच काढा पोचत नाही. बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये 2024 संपता संपता लोकांना थोड्याच दिवसांत टक्कल पडायला लागलं तेव्हा आधी संशय शाम्पूवर आणि पाण्यावर गेला, नंतर डॉ. हिंमतराव बावसकरांनी केलेल्या तपासण्यांत रुग्णांच्या शरीरात सेलेनियम नावाचं खनिज खूप वाढलेलं आढळलं आणि त्यांनी रेशनच्या गव्हाकडं बोट दाखवलं. आपल्या घरातलं कारण बहुतेक वेळा इतकं वेगळं नसतं, साधा ॲनिमिया असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, 2019-21 च्या, 15 ते 49 वयातल्या 57 टक्के भारतीय बायकांना ॲनिमिया आढळला. म्हणून तीन महिन्यांपेक्षा जास्त गळत असेल, भांग रुंद दिसत असेल किंवा चाई पडल्यासारखा गोल चट्टा दिसला तर त्वचेच्या डॉक्टरांकडं जा आणि हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासायचं का ते विचारा. रिपोर्ट येईपर्यंत काढा चालू ठेवायला काहीच हरकत नाही.